संकटकाळी जगाची सर्वसाधारण सभा

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त जानेवारी २०११ मध्ये गच्चीवर झालेल्या व्याख्यानमालेतील तिसरे भाषण. वक्ते आपल्या सोसायटीचे सभासद असून बँकेच्या परकीय चलन विभागातून निवृत्त झाले आहेत. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. – संपादक मंडळ)



या व्याख्यानमालेतलं पहिलं भाषण मधुमेहावर झालं, दुसरं पावसाचं पाणी साठवण्यावर. दोन्ही वेळा गच्ची भरली होती. आज मागच्या दोन रांगा रिकाम्या दिसताहेत. त्यात मंडळींचा काही दोष नाही. सेक्रेटरींनी खालच्या फळ्यावर विषय लिहिलाय, ‘आर्थिक संकट, जागतिक नेतृत्व आणि आंतरराष्ट्रीय सहकार्य’. तो वाचून मीसुद्धा कदाचित घरीच बसलो असतो. मी आयुष्यभर बँकेत परकीय चलन विभागात कागद तपासले. लेटर ऑफ क्रेडिटवरचा स्वल्पविराम चुकला तर बिल परत पाठवायचं, हे माझं काम. जागतिक नेतृत्वाशी माझा संबंध आला तो टेलेक्सपुरता.

तरी हा विषय मी घेतला. त्याचं कारण आपल्या लिफ्टमध्ये घडलं.

२००८ चा डिसेंबर होता. बी विंगमधल्या एक वहिनी लिफ्टमध्ये भेटल्या. त्यांचा मुलगा अमेरिकेत नोकरीला होता. ती नोकरी गेली होती आणि तो परत यायच्या तयारीत होता. त्या म्हणाल्या, “भाऊजी, तुम्ही बँकेतले म्हणून विचारते. ती लेहमन का कोण ती बुडाली. आमच्या मुलाचा तिच्याशी काडीचा संबंध नाही, तो औषधांच्या कंपनीत. मग त्याची नोकरी का जावी? आणि एवढे मोठाले देश, एकालाही हे थांबवता येऊ नये?” तेवढ्यात तिसरा मजला आला. उत्तर राहून गेलं. आज दोन वर्षांनी देतोय. वहिनी समोरच बसल्यात. मुलगाही आलाय, आता पुण्यात नोकरी करतो.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर तसं सोपं आहे. १५ सप्टेंबर २००८ ला लेहमन ब्रदर्सने दिवाळखोरी जाहीर केली, तेव्हा एक बँक बुडाली एवढंच झालं नाही. एका बँकेचा दुसरीवरचा विश्वास उडाला. ‘उद्या सकाळी हिचं दार उघडेल का?’ ही शंका प्रत्येकीच्या मनात आली. बँका एकमेकींना एक रात्रीपुरते पैसे देतात आणि त्याच्यावर सगळा व्यवहार चालतो. तोच आटला. माझ्या टेबलावर ते ऑक्टोबरमध्ये दिसायला लागलं. वर्षानुवर्षं आमच्याशी व्यवहार असलेल्या परदेशी बँकांकडून संदेश यायचे, ‘आपली मर्यादा कमी करण्यात येत आहे.’ कारण दिलेलं नसायचं. निर्यातदाराकडे माल तयार, तिकडे गिऱ्हाईक तयार, पण मधला कागद घ्यायला कोणी तयार नाही. आमचा एक ग्राहक तयार कपड्यांचे कंटेनर न्हावाशेव्याला उभे करून रोज माझ्यासमोर येऊन बसायचा. त्याला मी काय सांगणार? सुरतेत हिऱ्याला पैलू पाडणारे हजारो कारागीर त्या दिवाळीनंतर घरी बसले. २००९ मध्ये जगाचा व्यापार सुमारे १२ टक्क्यांनी घटला. गिऱ्हाईक कमी झालं की औषधांची कंपनीही माणसं कमी करते. वहिनी, तुमच्या घरापर्यंत ते असं पोचलं.

दुसरा प्रश्न अवघड आहे. एवढे मोठे देश, त्यांना थांबवता का आलं नाही? माझं म्हणणं असं, की थोडंसं थांबवलं. ते कसं थांबवलं आणि कुठे सोडून दिलं, हे कळायला आधीच्या खेपेला काय झालं ते पाहावं लागतं.

आधीची खेप म्हणजे १९२९ नंतरची महामंदी. जून १९३० मध्ये अमेरिकेने स्मूट-हॉली नावाचा कायदा करून परदेशी मालावरची जकात वाढवली. हजारावर अर्थतज्ज्ञांनी ‘यावर सही करू नका’ असं अध्यक्ष हूवर यांना लेखी कळवलं होतं. त्यांनी सही केली. मग इतर देशांनीही आपापली जकात वाढवली. मे १९३१ मध्ये ऑस्ट्रियातली सर्वांत मोठी बँक, क्रेडिटआन्स्टाल्ट, अडचणीत आली. तिला वाचवायला लागणारी रक्कम त्या काळच्या बड्या देशांच्या मानाने फार मोठी नव्हती. पण आठवड्यांमागून आठवडे चर्चा चालली. फ्रान्सचं म्हणणं, ऑस्ट्रियाने जर्मनीबरोबर जकात संघ करायचा बेत आधी सोडावा, मग पैशांचं बोलू. शेवटी बँक ऑफ इंग्लंडने एकटीने कर्ज दिलं, तेही आठवड्याच्या बोलीवर. तोवर आग जर्मनीत गेली. जुलैत जर्मनीच्या बँका बंद झाल्या आणि २१ सप्टेंबर १९३१ ला खुद्द ब्रिटनने सुवर्णपरिमाण सोडलं.

ही दूरची गोष्ट नाही बरं का. रुपया तेव्हा पौंडाला बांधलेला होता, एक शिलिंग सहा पेन्सच्या दराने. शेतमालाचे भाव कोसळलेले, पण सारा आणि सावकाराचं देणं रोखीतच. पौंडाबरोबर रुपया सुवर्णपरिमाणावरून सुटला तसा सोन्याचा रुपयातला भाव चढला. मग लोकांनी घरातलं सोनं विकायला काढलं. खेड्यापाड्यांतून ते सराफांकडे आलं, सराफांकडून मुंबईत आणि मुंबई बंदरातून बोटीने लंडनला. पुढे कित्येक वर्षं ते जात राहिलं. आपल्या आज्या-पणज्यांच्या पाटल्या-गोठ त्यात किती गेले असतील, याचा हिशेब कोणत्याच वहीत सापडायचा नाही. व्हिएन्नातल्या बँकेसाठी युरोपातले मोठे लोक वेळेवर एकत्र बसले नाहीत आणि त्याचं बिल असंही फाटत गेलं.

पुढे जून १९३३ मध्ये ते बसले. लंडनच्या भूगर्भशास्त्र संग्रहालयात ६६ देशांचे प्रतिनिधी जमले. दगड आणि जीवाश्म ठेवलेल्या इमारतीत जगाची अर्थपरिषद भरली होती, आता बोला. उद्घाटन राजे पंचम जॉर्ज यांच्या हस्ते. चलनांचे दर स्थिर करायचे, जकाती उतरवायच्या, असा बेत होता. पण ३ जुलैला अमेरिकेचे नवे अध्यक्ष रुझवेल्ट यांचा संदेश आला. त्याचा अर्थ एवढाच, की माझ्या देशाचं घर सावरणं मला आधी, डॉलरचा दर आत्ताच बांधून घ्यायला मी तयार नाही. परिषद तिथेच संपली. औपचारिकरीत्या जुलैअखेरपर्यंत चालली, पण आपल्याकडे कोरम गेल्यावर सभा चालते तशी. रुझवेल्ट त्यांच्या घरापुरते चुकले असं म्हणता येत नाही. केन्ससारख्या माणसानेही तेव्हा त्यांचीच बाजू उचलून धरली होती. पण प्रत्येकाने आपलं घर सावरायचं ठरवल्यावर काय होतं, हे आपल्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

जुन्या सभासदांना आठवत असेल. राहायला आल्यानंतरचा दुसरा-तिसरा उन्हाळा. खालची टाकी झालेली नव्हती, पाणी थेट लाइनीवर. दाब कमी झाला तशी तळमजल्यावर कोणीतरी लाइनीला छोटी मोटर जोडली. पहिल्या मजल्यावर पाणी येईना, म्हणून त्यांनी एक हॉर्सपॉवरची आणली. मग दुसऱ्या मजल्यावरच्यांनी त्याहून मोठी. महिनाभरात इमारतीत नऊ मोटरी झाल्या आणि पाणी पूर्वीपेक्षा कमी. पाणी होतं तेवढंच होतं. वर विजेची बिलं आणि जिन्यातली भांडणं. त्यातली एक मोटर माझी होती, हेही सांगून टाकतो. चलनाची किंमत पाडणं, जकात वाढवणं हे असंच असतं. पहिल्या मोटरवाल्याला चार दिवस पाणी जास्त मिळतं.

ते मिटलं कसं, हेही आठवा. विशेष सर्वसाधारण सभा तीन वेळा झाली. टाकी बांधायची याला सगळ्यांचा होकार, पण ‘सगळ्यांनी भरल्यावर मी भरीन’ असं प्रत्येक जण म्हणायचा. त्या वेळचे खजिनदार, आज ते हयात नाहीत, त्यांनी आपल्या प्रॉव्हिडंट फंडातून कर्ज काढून कंत्राटदाराला आगाऊ रक्कम दिली. काम सुरू झालेलं दिसल्यावर लोकांनी चेक दिले. सगळ्यांनी मात्र दिले नाहीत. दोन घरांचा वाटा शेवटपर्यंत आला नाही आणि तो त्यांच्याच खिशातून गेला. कधी बोलून दाखवलं नाही. मला ते जुन्या वह्या तपासताना, या स्मरणिकेच्या कामात, आत्ता कळलं.

चार्ल्स किंडलबर्गर नावाचे अमेरिकन अर्थतज्ज्ञ होते. एमआयटीत शिकवायचे, युद्धानंतर मार्शल योजनेच्या कामात होते. १९७३ मध्ये त्यांनी महामंदीवर पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. ती मंदी इतकी खोल आणि इतकी लांब गेली, कारण त्या वेळी ब्रिटनला पुढाकार घेण्याची ताकद उरली नव्हती आणि अमेरिकेची ताकद होती पण इच्छा नव्हती. पुढाकार म्हणजे भाषण नव्हे. ज्याचा माल खपत नाही त्याच्यासाठी आपली बाजारपेठ उघडी ठेवायची, इतर हात आखडता घेतात तेव्हा कर्ज द्यायचं, आणि घबराट झाली की रोख पैसा पुरवायचा. हे करणाऱ्याला आपल्या वाट्यापेक्षा जास्त भरावं लागतं आणि काही जण फुकट पाणी पिणार, हे गृहीत धरावं लागतं. आमच्या खजिनदारांनी किंडलबर्गर वाचला असण्याची शक्यता नाही.

आता २००८ कडे येऊ.

सुरुवात १९३१ सारखीच झाली. २९ सप्टेंबरच्या रात्री आयर्लंडने कोणाला न विचारता आपल्या मोठ्या बँकांची जवळजवळ सगळी देणी सरकारच्या हमीत घेतली. लगेच ब्रिटनमधले ठेवीदार आपले पैसे आयरिश बँकांकडे वळवू लागले. ही झाली पहिली मोटर. आठवड्याच्या आत जर्मनीनेही आपल्या ठेवीदारांना आश्वासन दिलं. (त्या हमीचं ओझं आयर्लंडला पेललं नाही. गेल्या नोव्हेंबरात त्यांना युरोपकडे आणि नाणेनिधीकडे हात पसरावे लागले.) मग ८ ऑक्टोबरला अमेरिका, युरोप, ब्रिटन, कॅनडा, स्वीडन आणि स्वित्झर्लंड या सहा मध्यवर्ती बँकांनी एकाच दिवशी व्याजदर उतरवले. असं पूर्वी कधी झालं नव्हतं. त्याच दिवशी ब्रिटनचे पंतप्रधान गॉर्डन ब्राऊन यांनी ठरवलं, की बुडीत कर्जं विकत घेत बसण्यापेक्षा बँकांमध्ये सरकारने थेट भांडवल घालायचं. १२ तारखेच्या रविवारी पॅरिसमध्ये युरो वापरणाऱ्या देशांची बैठक होती. ब्रिटनचा युरोशी संबंध नाही, तरी ब्राऊनना बोलावून घेतलं आणि त्यांनी तोच मार्ग धरला. दोन दिवसांनी अमेरिकेनेही.

हे ब्राऊन गृहस्थ मोठे मजेशीर. घरी त्यांचं कोणी ऐकत नव्हतं. डिसेंबरात पार्लमेंटमध्ये बोलताना ‘आम्ही बँका वाचवल्या’ म्हणायचं, तर तोंडून निघून गेलं ‘आम्ही जग वाचवलं’. विरोधक इतके हसले की सभापतींना आवरेना. पुढे मे २०१० मध्ये सत्ता गेली. पण त्या एका आठवड्यात वेळेवर काय करायचं ते त्यांना सुचलं होतं, हे श्रेय मी त्यांना देतो.

खरं मोठं काम मात्र पडद्याआड झालं आणि त्याची पुरेशी चर्चा आपल्याकडे होत नाही. युरोपातल्या बँकांनी डॉलरमध्ये कर्जं देऊन ठेवलेली, पण त्यांच्याकडे डॉलर नव्हते. ते रोज बाजारातून उसने घ्यायचे. बाजार आटला. युरोपियन सेंट्रल बँक युरो हवे तेवढे छापेल, डॉलर कुठून छापणार? तेव्हा अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने अदलाबदलीचा करार केला, त्याला स्वॅप म्हणतात. तुम्ही मला युरो द्या, मी तुम्हाला डॉलर देते, ठरल्या दिवशी ठरल्या दराने परत फिरवू. ऑक्टोबरच्या मध्यावर युरोप, ब्रिटन, स्वित्झर्लंड आणि जपान यांच्यासाठी या रकमेवरची मर्यादाच काढून टाकली. २००८ च्या अखेरीस ५५० अब्जांहून जास्त डॉलर असे बाहेर होते. सगळे परत आले. बुडाला एकही नाही.

आता इथे दोन गोष्टी बोचतात, त्या बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

एक तर, टँकर घेऊन धावून आला तो तोच, ज्याच्या स्वयंपाकघरात आग लागली होती. अमेरिकेतल्या घरकर्जांचा घोटाळा जगभर पसरला आणि घाबरलेलं जग पैसा सुरक्षित ठेवायला पुन्हा अमेरिकेच्याच सरकारी रोख्यांकडे धावलं. डॉलरचा भाव वाढला! ज्याच्यामुळे संकट आलं त्याच्याच नोटेची किंमत वाढली. आमचे खजिनदार आणि अमेरिका यांची तुलना मी इथेच थांबवतो.

दुसरी गोष्ट, ही उसनवारी सगळ्यांना नव्हती. एकूण १४ मध्यवर्ती बँकांशी करार झाले. २९ ऑक्टोबरला त्यात ब्राझील, मेक्सिको, दक्षिण कोरिया आणि सिंगापूर आले, प्रत्येकी ३० अब्ज डॉलर. भारत त्या यादीत नव्हता. आपलं आपल्यालाच बघावं लागलं. मे २००८ च्या अखेरीस आपल्याकडे परकीय चलनाची गंगाजळी ३१६ अब्ज डॉलरच्या आसपास होती, मार्च २००९ मध्ये ती २५२ अब्जांच्या घरात आली. काही भाग इतर चलनं डॉलरसमोर घसरल्यामुळे हिशेबात कमी झाला, काही प्रत्यक्ष विकला. रिझर्व्ह बँकेने रोख राखीव प्रमाण ९ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणलं, रेपो दर ९ वरून ४.७५ वर. ती गंगाजळी आधीपासून जमवलेली होती म्हणून निभावलं. ती का जमवली होती, हे आमच्या विभागातल्या प्रत्येकाला पाठ होतं. १९९१ मध्ये आपल्याकडे जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतं परकीय चलन उरलं होतं. त्या जुलैत रिझर्व्ह बँकेने सुमारे ४७ टन सोनं बाहेर तारण ठेवून जेमतेम ४० कोटी डॉलर उभे केले. फोर्टातल्या तिजोरीतून ते सहार विमानतळावर नेत असताना वाटेत एक गाडी बंद पडली आणि पहारेकऱ्यांची पळापळ झाली, हे नंतर बाहेर आलं. आम्ही त्या दिवसांत विभागात एकमेकांच्या तोंडाकडे बघत नव्हतो. घरातलं सोनं गहाण पडल्यावर जसं होतं तसंच.

आता लंडनच्या सभेविषयी, म्हणजे २ एप्रिल २००९ च्या जी-२० परिषदेविषयी. जी-२० हा गट १९९९ पासून होता, आशियाई संकटानंतर निघालेला, पण त्यात फक्त अर्थमंत्री आणि गव्हर्नर बसायचे. नोव्हेंबर २००८ मध्ये वॉशिंग्टनला प्रथमच देशांचे प्रमुख बसले. त्याआधी जगाचा कारभार सात-आठ श्रीमंत देश पाहायचे आणि आपल्याला जेवणाच्या वेळी बोलवायचे. या वेळी मात्र चीनशिवाय, भारताशिवाय, ब्राझीलशिवाय भागणार नव्हतं, कारण शिल्लक यांच्याकडे होती. आपले पंतप्रधान मनमोहन सिंग टेबलावर होते. आणि १९९१ च्या जुलैत अर्थमंत्री तेच होते.

लंडनला काय ठरलं? एकूण १.१ लाख कोटी डॉलरची योजना जाहीर झाली. नाणेनिधीची कर्ज देण्याची ताकद तिप्पट, म्हणजे ७५० अब्ज डॉलर. २५० अब्जांचे एसडीआर, म्हणजे नाणेनिधीने सर्व सभासदांना त्यांच्या हिश्शाप्रमाणे वाटायचा राखीव चलनाचा हक्क. व्यापाराच्या कर्जासाठी २५० अब्ज, आणि विकास बँकांमार्फत १०० अब्ज. टीकाकार म्हणाले, यातले बरेच पैसे आधीच कबूल झालेले होते. ते खरं आहे. जपानने १०० अब्ज आधीच देऊ केले होते, युरोपनेही. पण माझ्यासारख्या कागद तपासणाऱ्याच्या दृष्टीने त्या व्यापारकर्जाच्या ओळीची किंमत फार होती. आमच्याकडे रोज येऊन बसणाऱ्या त्या निर्यातदाराची गोष्ट जगातल्या वीस प्रमुखांच्या कागदावर आली होती!

भांडणंही झाली. फ्रान्सचे सार्कोझी ‘माझ्या मनासारखं झालं नाही तर उठून जाईन’ असं आधीच सांगून आले होते. करचुकव्यांच्या आश्रयस्थानांची यादी जाहीर करण्यावरून त्यांचं आणि चीनच्या हू जिंताओंचं अडलं. चीनला हाँगकाँग आणि मकावची काळजी. तेव्हाच्या वृत्तपत्रांत आलं होतं, की ओबामांनी दोघांना बाजूला घेतलं आणि मसुद्यातलं एक क्रियापद बदलून सौम्य करून दिलं, ‘मान्यता देतो’च्या ऐवजी ‘नोंद घेतो’. सभेचं इतिवृत्त लिहिणाऱ्या आपल्या सेक्रेटरींना यात नवल वाटणार नाही. ‘मंजूर’ आणि ‘नोंद घेतली’ यांतल्या फरकावर आपलीही एक सभा रात्री साडेअकरापर्यंत चालली होती.

टेबलावर जागा असणं किती महत्त्वाचं, याचा एक जुना दाखला देतो, तो आपल्याच माणसाचा आहे. नाणेनिधी आणि जागतिक बँक जिथे जन्मली ती ब्रेटन वुड्स परिषद, जुलै १९४४, अमेरिकेत. ४४ देश. आपण पारतंत्र्यात, शिष्टमंडळाचे प्रमुख इंग्रज अर्थसदस्य. पण त्यात रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख होते, महाडजवळच्या नाते गावचे. आणि मुंबईचे ए. डी. श्रॉफ होते. युद्धाच्या खर्चापोटी ब्रिटन आपलं देणं लागत होतं आणि ते लंडनमध्ये अडकून पडलं होतं. युद्ध संपेपर्यंत ही रक्कम शंभर कोटी पौंडांच्या वर गेली. ती मोकळी करायची सोय नव्या निधीत व्हावी, असा आग्रह या मंडळींनी धरला. श्रॉफ म्हणाले त्याचा आशय असा, की बँकेत दहा लाख डॉलर आहेत पण टॅक्सीच्या भाड्यापुरती रोकड नाही, अशी तुम्ही आमची गत केली आहे. मागणी मान्य झाली नाही. पण भारताला निधीत मोठा हिस्सा मिळाला, आणि रशिया बाहेर राहिल्यामुळे आपण सुरुवातीच्या पाच मोठ्या भागधारकांत जाऊन बसलो. पुढे ती जागा घसरत गेली. पैसे घेणाऱ्यांच्या रांगेत उभं राहिलेल्याला अध्यक्षांच्या शेजारी कोण बसवणार?

म्हणून २००९ चा नोव्हेंबर मला महत्त्वाचा वाटतो. नाणेनिधीने सोनं विकायला काढलं आणि आपल्या रिझर्व्ह बँकेने २०० टन घेतलं, ६.७ अब्ज डॉलर मोजून. निधीला जादा पैसा हवा होता, तेव्हा १० अब्ज डॉलरपर्यंत द्यायची तयारीही आपण दाखवली. सौदा आर्थिकदृष्ट्या शहाणपणाचा होता की नाही यावर वाद घाला, मीही घालीन. पण बातमी आली त्या संध्याकाळी विभागातल्या जुन्या सहकाऱ्याचा फोन आला. तो फक्त म्हणाला, “वाचलंस?” मी म्हटलं, “वाचलं.”

आता कुठे आहोत? खरं सांगायचं तर एकी ओसरली आहे. आग विझल्यासारखी वाटली की लोक बादल्या खाली ठेवतात. गेल्या जूनमध्ये टोरांटोला श्रीमंत देशांनी २०१३ पर्यंत आपली तूट निम्मी करायचं कबूल केलं. एक वर्षापूर्वी जे खर्च करा म्हणत होते ते आता पट्टे आवळा म्हणताहेत. लोकांना अजून कामं मिळालेली नाहीत, अशा वेळी सगळ्यांनी एकदम आवळायला घेणं मला घाईचं वाटतं. मे महिन्यात ग्रीसला ११० अब्ज युरो द्यावे लागले, त्याआधी कोणी द्यायचे यावर कित्येक महिने घोळ. ते वाचताना मला क्रेडिटआन्स्टाल्ट आठवत होती. सप्टेंबरात ब्राझीलच्या अर्थमंत्र्यांनी ‘चलनयुद्ध’ हा शब्द वापरला. मोटरी परत निघाल्यात.

नोव्हेंबरात सेऊलला एक चांगलं झालं. नाणेनिधीतला सहा टक्क्यांहून जास्त हिस्सा आपल्यासारख्या देशांकडे वळवायचं ठरलं, आणि त्यानंतर भारत पहिल्या दहा भागधारकांत येईल. पण ते लागू व्हायला सभासद देशांची मंजुरी लागते आणि अमेरिकेकडे एवढी मतं आहेत, की त्यांच्या काँग्रेसने मान्य केल्याशिवाय कागद हलणार नाही. तिथे अजून तो विषय पटलावरही आलेला नाही.

वहिनी, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे एवढंच आहे. त्यांना थांबवता आलं, जिथे कोणीतरी आधी खिशात हात घातला तिथे. जिथे ‘सगळ्यांनी भरल्यावर मी’ असं झालं तिथे नाही. आणि कोणाला फोन करायचा याची यादी त्यांच्याकडे होती, तीत आपण नव्हतो. तुमच्या मुलाला मी मघाशी खाली विचारलं, पुन्हा तिकडे जाणार का? तो म्हणाला, “काका, व्हिसा झालाय, पण यंदा आई नको म्हणते.” ते तुम्ही दोघं ठरवा, त्यात मी पडत नाही.

सेक्रेटरी घड्याळ दाखवताहेत. चहा आणि बटाटेवडे खाली आले आहेत. ज्यांना प्रश्न विचारायचे असतील त्यांनी वडा घेऊन इकडे यावं, मी इथेच बसलो आहे.